स्विफ्ट खाली बसवण्याआधी

वाचकाचं पत्र:

"काका, माझ्याकडे २०१९ ची स्विफ्ट झेडएक्सआय आहे, पेट्रोल. ७८ हजार किलोमीटर झाले. घर मुलुंडला, नोकरी पवईत. फेब्रुवारीत आम्ही चार मित्र कोइम्बतूरला ट्रॅक डेला जायचं ठरवतोय. माझी गाडी वळणावर फार कलते आणि एक्स्प्रेसवेवर लेन बदलली की मागून डुलते. सव्वा लाख साठवलेत. एक दुकानदार तेवढ्यात कॉइलओव्हर, २०५/४५ आर १७ टायरांसकट अलॉय आणि एक्झॉस्ट बसवून देतो म्हणतोय. बाबा म्हणतात, धडधाकट गाडीची वाट लावू नकोस. आजीला दर पंधरा दिवसांनी याच गाडीतून दवाखान्यात न्यावं लागतं, हेही आहेच. कुठून सुरुवात करू? – निखिल, मुलुंड"

निखिल,

पत्रात काका म्हणालास, तेव्हा अरेतुरेच करतो. बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द: ट्रॅक डे म्हणजे फी भरून आपली गाडी शर्यतीच्या बंद ट्रॅकवर चालवायचा दिवस, आणि कॉइलओव्हर म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग आणि शॉकअपचा जोडसंच.

माझा डोळा अडकला तो 'मागून डुलते' या शब्दांवर. कलणं आणि डुलणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. वळणावर कलणं हा घरगुती गाडीचा स्वभाव असतो. कंपनीने स्प्रिंग मऊ ठेवल्या म्हणून ती कलते, आणि मऊ ठेवल्या म्हणूनच आजी मागच्या सीटवर बसून दवाखान्यापर्यंत जाऊ शकतात. डुलणं हा स्वभाव नाही, ते दुखणं आहे. लेन बदलली की गाडीने एकदा झुकावं, सरळ व्हावं आणि गप्प राहावं. ती पुन्हा-पुन्हा हलत असेल तर मागचे शॉकअप संपत आलेत, हे मी गाडी न बघताही म्हणेन. मुलुंड ते पवई म्हणजे एलबीएस मार्ग, गांधीनगरचं जंक्शन, सहा पावसाळ्यांचे खड्डे आणि दर चारशे पावलांवर एक गतिरोधक. या रस्त्यावर ७८ हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे शॉकअप शाबूत असतील, तर मला नवल वाटेल.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की गाडी बदलायच्या आधी ती पुन्हा ताजी कर. शोरूममधून आणलीस त्या दिवशी स्विफ्ट कशी वळायची हे तू आता विसरला आहेस, कारण ती एका दिवसात बिघडली नाही. जुन्या, थकलेल्या गाडीवर नवं महागडं सामान चढवलं तर फरक जाणवतो खरा, पण तो नव्या सामानाचा की नुसत्या नवेपणाचा, हे कधीच कळत नाही.

येत्या रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, हे करून बघ. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळव आणि पुढच्या टायरच्या नक्षीवर तळहात ठेवून गोल फिरव, बाहेरून आतल्या कडेपर्यंत. मग मागच्या टायरवर तेच कर. तिथे हात चाकाच्या आतल्या बाजूने घालावा लागेल. रबर सगळीकडे सारखं लागलं तर उत्तम. हाताला उंच-सखल लाटा लागल्या, इथे फुगवटा, चार बोटांवर खळगा, पुन्हा फुगवटा, तर तो टायर रस्त्यावर टेकून चाललेला नाही, उड्या मारत आलाय. शॉकअप त्याला खाली धरून ठेवत नाही. नुसती आतली कडच झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, गेलंय. मग मोबाइलचा टॉर्च लावून मागच्या शॉकअपच्या नळीकडे बघ. कोरडी धूळ असेल तर ठीक. धूळ तेलकट होऊन काळ्या मेणासारखी चिकटली असेल तर शॉकअप गळतोय. बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडायची जुनी पद्धतही वापर. पण त्यात नापास झालेला शॉकअप नक्की वाईट असतो, पास झालेला नक्की चांगला असतोच असं नाही.

नाव फसवं असलं तरी शॉकअप धक्का खात नाही. धक्का स्प्रिंग खाते. धक्का खाऊन झाल्यावर स्प्रिंग वरखाली नाचत राहील, ते नाचणं थांबवून त्याची उष्णता करायचं काम शॉकअपमधलं तेल करतं. नाच थांबला नाही तर टायर क्षणाक्षणाला रस्ता सोडतो, आणि हवेत असलेल्या टायरला पकड नसते, मग तो कितीही महागाचा का असेना.

यानंतर गाडी रॅम्पवर चढव आणि मेकॅनिकला लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, रबरी बुशमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवायला सांग. स्वतः खाली उभा राहून बघ. रबर चिरलं असेल तर आर्म मागेपुढे सरकताना दिसेल. ब्रेक मारताना किंवा वळताना तो आर्म असाच सरकतो आणि चाकाची दिशा तुझ्या नकळत बदलते. लिंक रॉड, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि पुढच्या शॉकअपचं वरचं माउंटिंग याच फेरीत तपासून घे. चारही शॉकअप, त्यांचे बफर आणि माउंटिंग, पुढचे बुश, वर अलाइनमेंट, सगळं कंपनीचं अस्सल सामान घालून केलंस तरी तुझ्या सव्वा लाखाचा साधारण चौथा हिस्सा जाईल. अलाइनमेंटचा छापील कागद आधीचा आणि नंतरचा, दोन्ही माग. 'झालं साहेब' एवढ्यावर पैसे देऊ नकोस.

एक गोष्ट मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये ठोकून बसवतात ते रबरी बफर. गाडी मागून बसत असेल तर अॅक्सेसरीजच्या दुकानात हमखास हेच सुचवतात. त्याने वेढा जाम होतो आणि उरलेल्या वेढ्यांवर सगळा भार येतो. गाडी उंच वाटते, पण वळणात मागचं चाक उडायला लागतं.

आता गाडी खाली बसवण्याबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या हातून हे झालेलं आहे.

२००४ साली माझ्याकडे झेन होती. नव्या स्प्रिंग घ्यायला पैसे नव्हते. परळच्या एका गॅरेजमध्ये ग्राइंडरने चारही स्प्रिंगचा एकेक वेढा कापून घेतला. गाडी दिसायला सुंदर झाली, आणि शहरात कमी कलायला लागली म्हणून मी खूश होतो. महिनाभराने आईला घेऊन अलिबागकडे निघालो. कर्नाळ्याच्या वळणात, वेग काही फार नव्हता, रस्त्याला मधेच एक उंचवटा होता. कापलेल्या स्प्रिंगमुळे चाकाला वर जायला जागाच उरली नव्हती. मागचा शॉकअप तळाला जाऊन आपटला आणि मागचं चाक बाजूला फेकलं गेलं. समोरून कुणी आलं नाही हे आमचं नशीब. गाडी कडेच्या दगडावर घासत थांबली, रिम वाकली. आई काही बोलली नाही. तिने फक्त पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि वडखळ येईपर्यंत ती सोडली नाही. ते हात मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर गाडीचं काहीही करताना मी आधी एकच विचारतो: यात मागच्या सीटवर कोण बसणार आहे?

तुझा दुकानदार स्प्रिंग कापत नाहीये, कॉइलओव्हर देतोय, हे मान्य. पण तिथेही गणित तेच. तुझ्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. चाळीस-पन्नास मिलिमीटर खाली घेतलीस तर चौघं बसल्यावर सोसायटीच्या गेटजवळचा गतिरोधक पोटाला लागेल, ही झाली दिसणारी अडचण. न दिसणारी यापेक्षा मोठी आहे. पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचं, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेलं आहे, त्यात खालचा आर्म बाहेरच्या टोकाला किंचित खाली झुकलेला असतो. गाडी फार खाली घेतली की तो आडवा होतो, मग उलट वर चढतो. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो काल्पनिक बिंदू, म्हणजे रोल सेंटर, अशा वेळी गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडीला कलवणारा जोर कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. तो दाबायला आणखी कडक स्प्रिंग घालाव्या लागतात. शेवटी गाडी खालीही असते, दगडासारखीही असते, आणि मुंबईच्या रस्त्यावर टायर टेकवून ठेवत नाही. वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत, त्या स्प्रिंगला जुळणाऱ्या शॉकअपसकट केलेलं काम चांगलं होऊ शकतं. पण ते पहिल्या ट्रॅक डेनंतर. आधी नाही.

मग पैसे कशावर खर्च करायचे? टायरवर. गाडीचं आणि रस्त्याचं नातं चार तळहातांएवढ्या रबरावर उभं असतं. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन यांचं जे काही म्हणणं असेल ते त्या रबरातूनच रस्त्यापर्यंत पोचतं. तुझ्या गाडीला कंपनीचा आकार १८५/६५ आर १५, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. तोच आकार ठेव आणि त्यात ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा, वरच्या दर्जाचा टायर घे. चारही सारखे आणि ताजे. टायरच्या कडेला चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं, ते वाचून घे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चार दुकानं फिरलास तर दरही कळतील आणि जुना माल कोण खपवतोय तेही कळेल.

१७ इंची का नको? टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची मोज. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर. २०५ चे ४५ टक्के म्हणजे ९२. दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळपास सारखाच, ६२१ आणि ६१६. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधलं २८ मिलिमीटर रबर काढून तू तिथे धातू बसवतो आहेस. जुलैत पाण्याखालचा खड्डा दिसत नाही; तिथे टायरची भिंत फुगते किंवा रिमला चीर जाते. शिवाय मोठं चाक बहुतेक वेळा जड असतं, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे शॉकअपला आवरायला सगळ्यात कठीण. तुझी गाडी नऊशे किलोच्याही आतली आहे. हलकेपणा हीच तिची जमेची बाजू, ती चाकांवर उधळू नकोस.

ब्रेकबद्दल दुकानदाराच्या यादीत एक शब्द नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. ट्रॅकवर पहिल्यांदा हार मानतात ते ब्रेक. हिशोब सोपा आहे. गाडीची गतिऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सिग्नलला ६० वरून शून्यावर येताना ब्रेक जेवढी उष्णता झेलतात, त्याच्या तिप्पट उष्णता १२० वरून ६० वर येताना होते. मुंबईत त्या सिग्नलनंतर गाडी दोन मिनिटं उभी राहते आणि डिस्क निवते. ट्रॅकवर मिनिट-दीड मिनिटात पुन्हा तेच वळण, आणि मधे आणखी चार.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यात, आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला कमी नाही. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. ओलावा मुरला की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मग पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. हे मी एकदा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर अनुभवलंय. तिसऱ्या फेरीत पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं, पुढच्या वळणाला चार बोटं. बाहेर मोकळी माती होती म्हणून निभावलं. ऑइल तीन वर्षं बदललेलं नव्हतं, चूक माझीच होती.

तेव्हा कोइम्बतूरला निघण्याच्या आठवड्यात संपूर्ण ऑइल काढून ताजं, सीलबंद डब्यातलं डॉट ४ भर, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढून. आधी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीच्या झाकणावर कंपनीने कुठली प्रत लिहिली आहे ते बघ. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात कधीही मिसळायचं नाही. पुढचे पॅड नवे घाल, रोजच्या वापराला आणि अधूनमधून ट्रॅकला चालतील अशा प्रतीचे. निव्वळ रेसिंगचे पॅड नकोत. ते गरम झाल्याशिवाय धरत नाहीत, आणि सकाळी आठला मुलुंड चेकनाक्याला ते गरम नसतात. मागच्या ड्रमचे लायनर तपासून घेतले तरी पुरे. जुने पॅड टाकू नकोस, डिकीत ठेव.

एक्झॉस्ट सोडून दे. ८३ पीएसच्या (अश्वशक्तीच्या) साध्या पेट्रोल इंजिनला त्यातून मिळतो तो आवाज, आणि त्याचा त्रास कोस्टल रोडलगतची माणसं रात्री-अपरात्री भोगतायत. पुढच्या बंपरमध्ये खाली बसवतात ती हवा घ्यायची नळीही नको. हिंदमाताला पाणी भरलं की ती हवेऐवजी पाणी ओढते. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. कंपनीने एअर फिल्टरचं तोंड वर ठेवलंय ते उगाच नाही.

कायद्याचंही बोललं पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी सुचवलेली कामं, म्हणजे त्याच जागी तसाच नवा शॉकअप, त्याच आकाराचा टायर, चांगलं ऑइल, चांगले पॅड, ही देखभाल आहे. यातलं काही कुणापासून लपवावं लागत नाही.

विम्याचं त्याहून महत्त्वाचं. पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' हा भाग वाच. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात वगळलेली असते. म्हणजे ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च तुझा. म्हणून सव्वा लाखातले निदान चाळीस हजार हात न लावता बाजूला ठेव. शॉकअप, टायर, ब्रेक करून ते उरतील. आयोजकांची फी, हॉटेल, पेट्रोल यांचा हिशोब वेगळा धर आणि चौघांत वाटून घ्या.

एवढं वाचून मी तुला नाउमेद करतोय असं वाटू देऊ नकोस. ट्रॅक डेची कल्पना मला मनापासून आवडते. गाडी किती पळते हे बघायची हौस प्रत्येकालाच असते. ती अटल सेतूवर किंवा पाम बीच रोडला भागवणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्या बातमीत बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी मेलेला असतो. तू बाराशे किलोमीटर जाऊन, फी भरून, हेल्मेट घालून, जिथे समोरून कुणी येणार नाही अशा जागी ती भागवायला निघाला आहेस. हे बाबांना असं सांगून बघ.

कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे हा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, २००३ मध्ये सुरू झाला. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर एकआसनी रेसगाड्या बांधून कितीतरी तरुणांना शर्यतीत आणलं. तेव्हा ८३ पीएसची लाज बाळगू नकोस. लहान, वळणांच्या ट्रॅकवर हलकी गाडी शिकवते फार चांगलं.

तिथे पोचल्यावर गाडी आधी रिकामी कर. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट, सगळं बाहेर. पेडलखाली घरंगळलेली बाटली हा सगळ्यात मूर्ख अपघात असतो. डॅशबोर्डवर गणपती असेल तर तोही काढून बॅगेत जपून ठेव, डबल टेपवर विसंबू नकोस. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भर, कारण लांब वळणात ते इंजिनखालच्या ऑइलच्या तव्यात एका बाजूला सरतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते. सुती कपडे, बंद बूट, चेहरा झाकणारं हेल्मेट. झेंड्यांची माहिती सकाळच्या बैठकीत देतात, ती लक्ष देऊन ऐक. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेत, या. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, तिला जाऊ दे.

पहिल्या सत्रात वेगाचं नाव काढू नकोस. ब्रेक सरळ रेषेत मारायचा, वळायच्या आधी संपवायचा. टायरकडची पकड पगारासारखी ठराविक असते. ब्रेकवर खर्च केलीस की वळायला तेवढी कमी उरते. पुढची चाकं ओढणारी गाडी जास्त वेगात वळणात शिरली की टायर किंचाळतात आणि गाडी बाहेर सरकायला लागते. तेव्हा हात आपोआप स्टिअरिंग आणखी वळवू पाहतात. तो मोह आवर. अॅक्सिलरेटर थोडा हलका कर, स्टिअरिंग किंचित सरळ कर, पकड परत येईल. पण वळणाच्या मध्यावर पाय एकदम उचलू नकोस. वजन पुढे धावतं, मागचं हलकं होतं आणि गाडीची शेपटी बाहेर येते. एखादा अनुभवी प्रशिक्षक शेजारी बसायला मिळत असेल तर त्याचे पैसे दे. कॉइलओव्हरपेक्षा तो स्वस्त पडतो आणि पुढच्या गाडीतही तुझ्याबरोबर येतो.

चार-पाच फेऱ्या झाल्या की एक फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश मार, म्हणजे डिस्क निवतील. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नकोस. तापलेले ड्रम आणि लायनर धरून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेव आणि चाकाला लाकडी ठोकळा लाव. लगेच हवा मोज, स्वतःच्या गेजने. पंपागणिक गेज वेगळं सांगतं, म्हणून स्वतःचं एक घेऊन ठेव. तापमान दहा अंश वाढलं की साधारण दीड पीएसआय दाब चढतो, त्यामुळे पाच-सहा पीएसआय चढलेला दिसला तर घाबरू नकोस. चारही चाकांत किती चढलाय ते वहीत लिही आणि थोडा-थोडा कमी करून गाडी कशी लागते ते बघ. मात्र परतीच्या सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेला आकडा पुन्हा भर. ट्रॅकसाठी कमी केलेल्या हवेवर सालेम, बेंगळुरू, हुबळी, कोल्हापूर असं हायवेच्या वेगाने आलास तर टायर तापून फुटू शकतो. चाकांचे नट पान्याने तपासल्याशिवाय निघायचं नाही.

आजींचं राहिलं. ताजे शॉकअप आणि कंपनीच्याच आकाराचे टायर घातलेस की सगळ्यात आधी फरक त्यांनाच कळेल. थकलेला शॉकअप म्हाताऱ्या कमरेला कडक स्प्रिंगइतकाच छळतो. काम झालं की पहिली फेरी त्यांच्या दवाखान्याची कर, आणि बाबांना शेजारी बसव. एक्स्प्रेस हायवेला ऐरोलीच्या पुलाजवळ एकदा नेहमीसारखी लेन बदल. गाडी डुलायची थांबली असेल तर तुला बाबांना काही पटवून द्यावं लागणार नाही. सामानाची बिलंही त्यांना दाखव.

आणि स्प्रिंगच्या प्रश्नाचं उत्तर मी आज देत नाही, ते ट्रॅकवर मिळेल. पांढऱ्या खडूचा एक तुकडा बरोबर ने. प्रत्येक सत्राआधी पुढच्या दोन्ही टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, तीन ठिकाणी आडव्या रेघा मार. नक्षीपासून भिंतीवर दोन बोटं खाली येतील इतक्या लांब. तिथेच बहुतेक टायरवर एक बारीक त्रिकोण छापलेला असतो. सत्र संपलं की खडू कुठपर्यंत पुसला गेलाय ते बघ. त्रिकोणापर्यंत पुसला असेल तर टायर जेवढा वापरायचा तेवढा वापरला जातोय आणि तुझ्या स्प्रिंगना हात लावायचं कारण नाही. त्रिकोण ओलांडून खाली भिंतीवर गेला, आणि हवा एक-दोन पीएसआय वाढवूनही जात राहिला, तर गाडी खरंच गरजेपेक्षा जास्त कलते आहे. दोन्ही टायरचे फोटो काढ, वहीतले हवेचे आकडे त्यांच्याखाली लिही आणि मला पाठव. मग चाकाचा उभा कल बदलणारा कॅम्बर बोल्ट घालायचा की स्प्रिंग बदलायच्या, आणि बदलायच्या तर किती, हे तेव्हा बोलू.